रोवण्याच्या दिवसांत स्नो मोड

चंद्रपूरला गाडी घेताना शोरूममधल्या मुलाने डायलवरच्या 'स्नो' या अक्षरांवर बोट ठेवलं आणि सांगितलं, "हे आपल्या कामाचं नाही. मनालीला वगैरे गेलात तर." माझ्या भाच्याने मान डोलावली, विषय तिथेच संपला. उन्हाळ्यात पारा ४७ अंशांवर जाणाऱ्या जिल्ह्यात बर्फाचं बटण कोण लक्षात ठेवणार? पण चंद्रपूर-गडचिरोलीत मृगापासून भाद्रपदापर्यंत याच बटणाचं खरं काम असतं. ज्यांच्या गाडीत ते आहे आणि ज्यांनी त्याला कधी हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जुलैमध्ये आम्ही आलापल्लीहून भामरागडला निघालो होतो. भाचा चालवत होता, मी शेजारी. सगळीकडे धानाचे रोवणे सुरू होते. पेरमिलीच्या अलीकडे चिखलणी करून एक ट्रॅक्टर नुकताच बांधीतून रस्त्यावर चढला होता आणि त्याच्या चाकांची गाळमाती दूरपर्यंत डांबरावर पसरली होती. पाऊस म्हणाल तर नुसती झिमझिम. मुसळधार असता तर माती धुऊन गेली असती. झिमझिमीने तिचं लोणी झालं होतं.

समोर बैल आला, भाच्याने ब्रेक दाबला. स्टिअरिंग एकाएकी हलकं झालं, मीटरमधलं घसरत्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकलं आणि गाडी तिरकी होत साइडपट्टीवरून खाली उतरली. कोणाला लागलं नाही, पण पुढची दोन्ही चाकं पाणी प्यायलेल्या मातीत गेली. बाहेर काढायला त्याने ॲक्सिलरेटर दिला, तशी ती जागच्या जागी गरगरली आणि वीतभर आणखी रुतली. रोवणा सोडून एक बाबा धुऱ्यावरून आले. चाकाकडे बघून म्हणाले, "जोर नोको लावू बाबू. जेवढा जोर लावशीन तेवढी खाली जाईन."

स्नो मोड नेमकं हेच करतो, जोर आवरतो. टायर रस्त्याला किती धरून राहील याला मर्यादा असते. कोरड्या डांबरावर ती पकड भरपूर असते, बर्फावर किंवा ओल्या चिकण मातीवर फारच थोडी. इंजिनाचा जोर त्या पकडीपेक्षा जास्त झाला की चाक सुटतं, आणि एकदा सुटलं की उरलीसुरली पकडही जाते. स्नो मोडमध्ये पाय तेवढाच दाबला तरी इंजिन ताकद कमी आणि हळूहळू देतं. ऑटोमॅटिक गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या गिअरमध्ये उठते आणि वरचा गिअर लवकर टाकते. एखादं चाक जरासं जरी सुटलं तरी ट्रॅक्शन कंट्रोल त्या चाकाला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोर उतरवतो. चारही चाकांना ताकद देणारी गाडी असेल, म्हणजे ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारखी, तर मागच्या चाकांकडेही जोर वेळेत पोचतो. क्रेटा-सेल्टोससारख्या गाड्यांत ताकद पुढच्या दोनच चाकांना. तिथे सगळा खेळ इंजिन आणि ब्रेकच्या जोरावर चालतो, आणि म्हणून त्याची मर्यादाही लवकर येते.

लँड रोव्हरने २००४ मध्ये डिस्कव्हरी ३ मध्ये अशी डायल आणली, तेव्हा गवत, खडी आणि बर्फ या तिन्हींना मिळून एकच खूण होती. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. गाडीला बर्फ कळत नाही, तिला फक्त खाली घट्ट आणि वर निसरडं एवढंच कळतं.

आपल्याकडे असं कुठे असतं? ट्रॅक्टरने माती आणलेल्या डांबरावर. बल्लारपूर, घुग्घुस, पद्मापूरच्या बाजूला कोळशाच्या धुळीवर पहिली सर पडते तेव्हा. आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाची लाल धूळ भिजते तेव्हा. सागाची ओली पानं साचलेल्या वळणांवर, आणि नाल्याच्या रपट्यावरून वर चढताना. अशा पट्ट्याच्या आधीच स्नो लावावा, घसरायला लागल्यावर नाही.

खोल चिखलात मात्र स्नो लावू नका. तिथे चाक थोडं फिरायलाच हवं, म्हणजे टायरच्या खाचांतला चिखल फेकला जातो आणि खालची घट्ट जमीन सापडते. मड मोड तेवढं फिरू देतो. स्नो मोड ताकद कापतो आणि गाडी जागेवर उभी राहते. आम्ही सुटलो ते असेच: चाकांखाली तणसाच्या पेंढ्या, मड मोड, मागे चार माणसं, आणि बाबांनी सांगितला तसा हलका पाय. डांबरावर आल्यावर स्नो. वरोरा, राजुऱ्याकडच्या काळ्या मातीच्या पांदणीत मात्र पावसानंतर दोन चाकांच्या जोराची गाडी कुठल्याही मोडवर घालू नये.

सर्वांत मोठा गैरसमज ब्रेकचा. स्नो मोड गाडी हलवायला मदत करतो, थांबवायला नाही. ब्रेक लावल्यावर थांबण्याचं अंतर टायर, रस्ता आणि वेगच ठरवतात. वेग दुप्पट झाला की ते अंतर साधारण चौपट होतं. म्हणून ब्रेक मातीच्या अलीकडे, गाडी सरळ असतानाच लावायचा. एबीएस असेल तर ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते, एवढाच त्याचा भरवसा. टायरची खाच कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण पावसाळ्यात ३ च्या खाली गेलेला टायर मी जंगलातल्या रस्त्यावर नेऊ देणार नाही. हाताने गिअर टाकायची गाडी असेल तर डायल नसली म्हणून अडत नाही: दुसरा गिअर, क्लच सावकाश सोडा, पाय हलका. आणि कोरड्या रस्त्यावर स्नो आठवणीने काढा. ट्रकला ओव्हरटेक करताना गाडी मंद उठली तर तो वेगळाच धोका.

पाण्यासाठी तर कोणताच मोड नाही. भामरागडला पर्लकोटा नदीचा पूर पावसाळ्यात वाट अडवत आला आहे. जुलै २०२२ मध्ये पेरमिलीजवळच्या नाल्यात ट्रक वाहून गेला, माणसं दगावली. वाहत्या पाण्याला फूटभर खोली लहान कार उचलायला पुरते, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. रपट्यावरचे खुणेचे दगड दिसत नसतील तर गाडी तिथेच थांबवा, रात्र गावात काढावी लागली तरी.

आणखी एक. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केलं की डायल आपोआप नॉर्मलवर येते. वाटेत ताडगावला चहाला थांबलात, तर निघताना ती पुन्हा बघून घ्या.