गरिबास आधीं कर्ज कीं आधार?

दरिद्री मनुष्याची उन्नति कां होत नाहीं, असा प्रश्न वर्गांत विचारला असतां विद्यार्थी बहुधा एकच उत्तर देतात : त्याजजवळ भांडवल नसतें म्हणून. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. गेल्या पन्नास वर्षांत बांगलादेश व पश्चिम बंगाल या एकमेकांस लागून असलेल्या प्रदेशांत कर्ज देणाऱ्या व लोकसेवा करणाऱ्या संस्थांनीं जे प्रयोग केले, त्यांवरून हें अपुरेपण स्पष्ट दिसून येतें.

आरंभ इ. स. १९७६ मध्यें झाला. चितगांव विद्यापीठांतील अर्थशास्त्राचे अध्यापक महंमद युनुस यांनीं जवळच्या जोब्रा खेड्यांतील स्थिति पाहिली. बांबूचीं आसनें विणणाऱ्या स्त्रिया बांबूसाठीं व्यापाऱ्याकडून पैसे घेत, आणि तयार माल त्यालाच तो सांगेल त्या भावानें विकीत. त्यामुळें दिवसभर राबूनहि त्यांच्या हातीं फारसें कांहीं उरत नसे. अशा लोकांस तारणावांचून लहान कर्जें देण्याची युनुस यांची पद्धति १९८३ सालीं ग्रामीण बँकेच्या रूपानें स्थिर झाली. पांच पांच जणींचा गट करावा व दर आठवड्यास हप्ता घ्यावा, असा तिचा नियम. २००६ सालीं युनुस व ही बँक यांस शांततेचें नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

परंतु हप्ता सावकाराचा असो वा सेवाभावी बँकेचा असो, तो ठरल्या दिवशीं द्यावाच लागतो. जिला जमीन नाहीं, कमावता पुरुष नाहीं, जी परघरीं धुणींभांडीं करून दिवस कंठते, ती स्त्री कर्ज घेण्यास धजत नाहीं. आणि ती धजली तरी गटांतील इतर स्त्रिया तिला घेण्यास कचरतात. शिवाय फेडीची शक्ति न पाहतां कर्ज दिल्यास काय होतें, याचा कटु अनुभव २०१० सालीं आंध्र प्रदेशांत आला. एकाच घरांत कर्जावर कर्ज दिलें गेलें. वसुलीच्या जाचाच्या व आत्महत्यांच्या वार्ता आल्या. अखेर राज्यसरकारनें वटहुकूम काढला, आणि तेथील वसुली जवळजवळ बंद पडली.

हा दोष बांगलादेशांतील ‘ब्रॅक’ या संस्थेनें आधींच ओळखला होता. १९७२ सालीं फझले हसन आबेद यांनीं स्थापिलेली ही संस्था कर्जेंहि देत असे व शाळा आणि आरोग्यकेंद्रेंहि चालवीत असे. आपलीं कर्जें अतिदरिद्री घरांपर्यंत पोंचत नाहींत, हें दिसून आल्यावर तिनें २००२ सालीं त्यांच्यासाठीं निराळी योजना आंखली. पश्चिम बंगालमधील ‘बंधन’ या संस्थेनें पुढें तीच रीत मुर्शिदाबाद जिल्ह्यांत उचलली. ‘बंधन’चें एक अंग कर्ज देणारें, तर दुसरें धर्मादाय कार्य करणारें होतें.

या योजनेचा क्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. प्रथम गांवकऱ्यांची सभा भरे, आणि कोणतें घर सर्वांत गरीब हें गांवकरीच सांगत. नंतर कार्यकर्ते त्या घरीं जाऊन खात्री करून घेत. निवडलेल्या स्त्रीस रोख रक्कम न देतां गाय, शेळ्या किंवा लहानशा दुकानाचा माल देण्यांत येई. तो कर्जाऊ नसे. जनावर दूध देईपर्यंत तें विकून खाण्याची पाळी येऊं नये, म्हणून कांहीं आठवडे पोटापुरते पैसेहि मिळत. सुमारे १८ महिने दर आठवड्यास कार्यकर्ता भेटे, जनावरांची निगा व हिशेब शिकवी, आणि थोडी बचत करावयास लावी. हें सर्व झाल्यावरच कर्जाचें दार उघडे. आणि तेंहि घेणें न घेणें तिच्या इच्छेवर असे. कोणी कांहीं फुकट देतो यावर विश्वास न बसून कित्येक कुटुंबांनीं ही मदत नाकारली, यावरून गरिबाचा पूर्वानुभव काय असेल तें ध्यानांत येतें.

या कार्याची परीक्षाहि काटेकोरपणें झाली. पात्र कुटुंबांतून जणूं चिठ्ठ्या टाकून कांहींस मदत देऊं केली, व इतरांशीं त्यांची तुलना केली. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ या कामांत होते. मदत देऊं केलेल्या घरांचा खाण्यापिण्याचा खर्च व उत्पन्न वाढलेलें आढळलें, आणि दहा वर्षांनंतरहि तो लाभ टिकून होता. भारतासह सहा देशांतील अशाच प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. तेहि एकंदरींत अनुकूल होते. उलट, त्याच वर्षीं केवळ लहान कर्जांविषयीं सहा देशांतून जे अभ्यास बाहेर आले, त्यांत लाभ बेताचाच दिसला. दारिद्र्य पालटलें असें दिसलें नाहीं.

तथापि ही रीत रामबाण नव्हे. तीस खर्च पुष्कळ लागतो. होंडुरास देशांत पुष्कळांनीं कोंबड्या पसंत केल्या. त्या रोगानें मेल्या, आणि लाभ टिकला नाहीं. दान दिलें कीं काम संपलें, असें येथेंहि नाहीं.

विद्यार्थ्यांनो, यांतून घ्यावयाचा धडा असा. जो चालूं लागला आहे त्याला कर्ज पुढें नेतें. जो उठूंच शकत नाहीं त्याच्या पाठीवर तें ओझें होतें. कर्ज देणाऱ्यानें हिशेब चोख ठेवावा, सेवा करणाऱ्यानें धीर धरावा, आणि आपलें काम कोठें संपतें व दुसऱ्याचें कोठें सुरू होतें हें दोघांनींहि ओळखावें. उद्यां तुमच्यापैकीं कोणी बँकेंत, कोणी सरकारी कचेरींत, कोणी सेवासंस्थेंत काम करील. तेथें एखाद्या गरीब स्त्रीचा अर्ज पुढें आला असतां किती रक्कम द्यावी हें विचारण्यापूर्वीं, तिच्या घरांत आज चूल पेटली आहे काय, हें अवश्य विचारा.