अंड्यांना वास का मारतो?

आमचं गाव हर्णै बंदराच्या जवळ. इथे मासळीला तोटा नाही, त्यामुळे माणसांच्या बरोबरीने ती कोंबड्यांच्या पोटातही जाते. वाळत घातलेल्या जवळ्याखाली कोंबड्या दिवसभर टोचत असतात. मासे साफ केल्यावर उरलेली डोकी-आतडी उकिरड्यावर पडतात, आणि सुकटीचा चुरा कण्यांत कालवून घालायची घरोघरी पद्धत. त्यातून कोंबडीला प्रथिनं मिळतात, ती अंडी चांगली देते, हे खरंच आहे. नुसत्या गावठी कोंबड्या होत्या तोवर आमच्याकडे कधी कुणी तक्रार केली नव्हती. मग परसात सुधारित जातीच्या तांबड्या कोंबड्या आल्या, आणि एका सकाळी शेजारच्या काकू फोडलेल्या अंड्याची वाटी घेऊनच दारात उभ्या राहिल्या. "अगं, ताजं आहे गं, बलक बघ कसा उभा राहिलाय. पण वास बघ. तोंडात घालवत नाही."

अंडं ताजंच होतं, आणि वास शिळ्या मासळीचा येत होता. घरात पहिला सल्ला मिळाला तो कोंबडीला रोग झालाय, विकून टाक, असा. कोंबडी मात्र ठणठणीत, तुरा लालबुंद, खाणं-पिणं नीट. म्हणून मी अंडी वेगळी करून पाहिली. एकेक तांबडी कोंबडी अंडं घालेपर्यंत वेगळी कोंडायची, अंड्यावर पेन्सिलीने खूण करायची, उकडून गरम असतानाच सोलून वास घ्यायचा. सगळ्याच अंड्यांना वास आहे असं वाटत होतं, तो निघाला एकाच कोंबडीच्या अंड्यांना. बाकीच्या त्याच उकिरड्यावर चरत होत्या, तीच सुकट खात होत्या, तरी त्यांची अंडी चांगली होती.

याचं कारण कोंबडीच्या रक्तात आहे. मासळीतून, आणि खाद्यातल्या कोलीन नावाच्या घटकापासून आतड्यात, ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. कुजक्या मासळीचा वास तो हाच. बहुतेक कोंबड्यांच्या यकृतातलं एक एन्झाइम त्याचं बिनवासाच्या पदार्थात रूपांतर करतं. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांमध्ये, ऱ्होड आयलंड रेडसारख्या जातींतही, हे एन्झाइम जन्मतःच अपुरं पडतं. मग तो वास रक्तातून थेट बलकात उतरतो. हा दोष ज्या जनुकात आहे ते 2005 साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. म्हणजे ही कोंबडी आजारी नसते, तिला मासळी पचते पण मासळीचा वास पचत नाही. अशा कोंबड्यांना मोहरीची पेंडही घालू नये. तिच्यातल्या घटकांपासून पोटात तोच वास तयार होतो, शिवाय ती पेंड त्या एन्झाइमचं कामही अडवते. जवस फार घातलं तरी काहींच्या अंड्यांना मासळीसारखी चव येते.

खाद्य बदललं की दुसऱ्या दिवशी फरक पडेल, अशी आशा धरू नये. बलक भरायला आठ-दहा दिवस लागतात आणि त्या काळात कोंबडीने जे खाल्लं ते त्यात साठत जातं. म्हणून अंडं बिघडलं की कालचं नव्हे, मागच्या पंधरवड्यातलं खाणं आठवावं. गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर तेवढे दिवस त्या कोंबडीची अंडी विकू नयेत.

सरकीच्या पेंडीचं प्रकरण वेगळं. तिच्यातल्या गॉसिपॉलने बलक हिरवट-तपकिरी होतो, आणि या पेंडीमुळे अंडी काही दिवस ठेवली की पांढरंही गुलाबीसर होऊ शकतं. गुरांसाठी आणलेली सरकी कोंबड्यांच्या तोंडी लागू देऊ नये. खवट किंवा बुरशी आलेली शेंगदाणा पेंड तर कुणालाच घालू नये, तिने कोंबडीच्या यकृताची हानी होते.

आता कोंबडीचा काहीच संबंध नसतो तो भाग. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून हवेबरोबर वासही आत जातो. अंड्यांची टोपली रॉकेलच्या डब्याशेजारी, कांद्याच्या पोत्यावर, डांबरगोळ्यांच्या कपाटात किंवा सुक्या बोंबलांच्या खाली ठेवून नंतर कोंबडीला नावं ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. अंडी आणल्या आणल्या गार पाण्याने धुवायची सवयही घातक. कवचावरचं नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जातं, आणि उबदार अंडं गार होताना बाहेरची घाण आत ओढून घेतं. सुकी माती कापडाने पुसावी, धुवायचं ते फोडायच्या आधी.

एप्रिल-मेमध्ये आणखी एक गोष्ट घडते. कळपात कोंबडा असेल तर अंडी फळलेली असतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोंबडीने उबवली नाहीत तरी त्यांच्यात वाढ सुरू होते. पेंढ्यात लपवून घातलेली, खुडूक कोंबडीच्या पोटाखालची अंडी सापडली तर ती विकायची नाहीत, बक्षीसही द्यायची नाहीत. सकाळ-संध्याकाळ अंडी गोळा करावीत. पाण्यात तरंगतं ते अंडं शिळं, ही परीक्षा खरी आहे, पण खाद्याचा वास तिला कळत नाही. माझ्याकडे अजूनही प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडतात, मगच पातेल्यात.

मला जास्त काळजी वाटते ती मात्र ज्या अंड्यांना कसलाच वास येत नाही त्यांची. परसात प्लास्टिक जाळलं की त्या राखेतली विषारी द्रव्यं माती टोचणाऱ्या कोंबडीतून अंड्यात येतात. जुन्या रंगाच्या पापुद्र्यांतलं शिसं येतं. उवा-पिसवांसाठी शेतातलं कीटकनाशक कोंबड्यांवर शिंपडण्याची पद्धत अनेक गावांत आहे, त्याचा अंशही अंड्यात उतरतो. चवीवरून यातलं काहीच समजत नाही आणि ही अंडी आपण गावठी म्हणून हौसेने लहान मुलांना खायला घालतो. उवांसाठी कोंबड्यांना लोळायला कोरडी माती आणि लाकडाची स्वच्छ राख द्या. जंताचं किंवा दुसरं कुठलंही औषध देताना पशुवैद्यांना एक प्रश्न नक्की विचारा: यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत?

आणि अंड्याला मासळीचा वास आला म्हणून चांगली कोंबडी कापू नका. तिची सुकट बंद करा, तिला उकिरड्यापासून दूर ठेवा, कण्या, मका आणि शेवग्याचा पाला द्या, आणि दोन आठवडे थांबून पुन्हा अंडं उकडून बघा.