तळघर ओले का राहते?

ऊर्जानगरच्या वसाहतीत तळघरे नाहीत. पण चंद्रपूर शहरात, परकोटाच्या आत, एखाद्या जुन्या घरात अजून तळघर सापडते. अशाच एका घरातील अकरावीच्या विद्यार्थिनीने मला एक प्रश्न विचारला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, वरच्या खोलीत अभ्यास होत नाही, म्हणून तळघर नीट करून घ्यायचे घरच्यांनी ठरवले आहे. भिंती ओल्या आहेत, गिलाव्याचे पोपडे पडतात आणि कुबट वास येतो. मिस्त्रीचे म्हणणे असे की, आतून जलरोधक सिमेंटचा गिलावा करू, त्यावर थर्मोकोलच्या पाट्या लावू, वरून प्लायवूड ठोकू आणि पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवू, म्हणजे ओल उडून जाईल. यात घरच्यांची बरीच शिल्लक खर्च होणार आहे. हे बरोबर आहे का?

तुमच्या पाठ्यपुस्तकातील दोन-तीन धडे एकत्र केले की या प्रश्नाचे उत्तर निघते.

प्रथम ओल येते कुठून ते पाहू. पाणी भिंतीत दोन वाटांनी शिरते, एक मातीतून आणि दुसरी हवेतून. मातीची वाट तुमच्या ओळखीची आहे. बारीक काचनळी पाण्यात उभी धरली की पाणी नळीत वर चढते. नळी जितकी अरुंद, तितके पाणी उंच चढते. जेम्स जुरिन या इंग्रज वैद्याने १७१८ साली हा नियम मांडला. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन धरून हिशेब करा. नळीची त्रिज्या १ मिलिमीटर असेल तर पाणी दीड सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटर असेल तर १५ सेंटिमीटर, आणि ०.०१ मिलिमीटर असेल तर जवळजवळ दीड मीटर! वीट, चुना आणि आपल्या कोळसापट्ट्यातील वालुकाश्म यांच्या अंगात अशा बारीक वाटांचे जाळेच असते.

प्रत्यक्षात पाणी किती उंच जाईल हे केवळ छिद्रांवर ठरत नाही, बाष्पीभवनावरही ठरते. भिंत खालून पाणी ओढते आणि पृष्ठभागावरून ते हवेत सोडते. जिथे आवक आणि जावक सारखी होते, तिथे ओलीची रेघ थांबते. आता या भिंतीवर पाणी न सोडणारा गिलावा थापा. जावक बंद झाली, आवक मात्र चालूच आहे. साहजिकच रेघ वर सरकते आणि गिलावा संपतो तिथे, म्हणजे कदाचित वरच्या खोलीत, बाहेर पडते. पाण्याबरोबर मातीतील क्षारही येतात. पाणी उडते, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. पोपडे पडतात ते यामुळे. पांढरी पूड दिसली की भिंतीला लोणा लागला असे आपण म्हणतो, तो हाच.

तळघराला आणखी एक अडचण असते. त्याच्या भिंतीला माती केवळ खालून नव्हे, पूर्ण बाजूने लागलेली असते. पावसाळ्यात भिंतीमागे एक मीटर उंच पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरवर सुमारे एक टन वजनाइतका दाब पडतो. आतून लावलेला थर पाण्याच्या दाबाने भिंतीपासून सुटू पाहतो. बाहेरून लावलेला थर त्याच दाबाने भिंतीवर अधिक घट्ट बसतो. म्हणून पाण्याशी लढाई बाहेर करायची. पन्हाळीचे पाणी भिंतीच्या पायाशी पडू द्यायचे नाही, अंगणाला घरापासून दूर ढाळ द्यायचा, नाली वाहती ठेवायची. ही कामे दिसायला सामान्य आहेत आणि मिस्त्रीला त्यांत मिळकतही कमी. पण माझ्या मते निम्मे काम येथेच होते.

जमिनीखाली भर घालताना आपल्याकडे एक मोह होतो. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्या परिसरात राखेला तोटा नाही. विटांसाठी ती उत्तम आहे. पण फरशीखाली कोरडी भर म्हणून ती टाकू नका. तिचे बरेचसे कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात, मग त्यांच्यामधल्या पोकळ्या किती बारीक असतील! वर दिलेला हिशेब पुन्हा पाहा. त्याऐवजी चाळून घेतलेली जाड गिट्टी वीतभर घाला. तिच्यातील पोकळ्या इतक्या मोठ्या असतात की पाणी केशाकर्षणाने त्या ओलांडू शकत नाही.

आता हवेची वाट. ही अधिक मजेदार आहे आणि चुकाही येथेच जास्त होतात. जमिनीत खोल गेले की ऋतूंचा परिणाम कमी होत जातो. पॅरिसच्या वेधशाळेखाली २८ मीटर खोल तळघरात अठराव्या शतकात ठेवलेला तापमापक उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात जवळजवळ सारखेच, १२ अंशांच्या आसपास तापमान दाखवी. आपले तळघर इतके खोल नाही आणि आपला देशही थंड नाही. आपल्याकडे ते वर्षभर सुमारे २७ अंश असते असे धरू. दोन-तीन अंश मागेपुढे होतील.

२७ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २५.८ ग्रॅम बाष्प मावते. ही संख्या लक्षात ठेवा. जुलैतील एका दुपारी बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे. ३० अंशांना ३०.४ ग्रॅम मावतात, त्याचे ८५ टक्के म्हणजे २५.८ ग्रॅम. ही हवा खिडकीतून आत आली आणि २७ अंशांपर्यंत निवली की आर्द्रता किती? पुरी १०० टक्के! भिंत २९ अंशांची असली तरी आर्द्रता ९० टक्के होते, आणि बुरशीला ८० टक्केही पुरतात. खिडकी उघडून आपण ओल बाहेर घालवली नाही, आत बोलावली.

आता मे महिना घ्या. ४२ अंश, आर्द्रता २० टक्के. ४२ अंशांना ५६.४ ग्रॅम मावतात, म्हणजे हवेत प्रत्यक्ष ११.३ ग्रॅमच आहेत. ही हवा तळघरात निवली तरी आर्द्रता ४४ टक्क्यांवर राहते. जानेवारीच्या रात्री १५ अंश आणि ७० टक्के, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम; तळघरात ती ३५ टक्के होते. बाहेर ७० टक्के हा आकडा ऐकून खिडकी लावून घेणारा माणूस भिंत वाळवण्याची सर्वांत चांगली वेळ घालवतो. टक्के पाहू नका, ग्रॅम पाहा. त्यासाठी दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळा, दोघांना वारा घाला आणि कोष्टकावरून आर्द्रता काढा.

तुमच्या तळघरात ओल कोणत्या वाटेने येते हेही तपासता येते. भिंतीवर फूटभर ॲल्युमिनियमचा पातळ कागद लावा आणि चारही कडा पुट्टीने बंद करा. दोन दिवसांनी समोरची बाजू ओली दिसली तर पाणी हवेतले. मागची बाजू ओली असेल तर मातीतले. दोन्ही बाजू ओल्या निघाल्या तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

राहिले थर्मोकोल. थंड देशांत तळघराच्या भिंतींना उष्णतारोधक लावतात, कारण तेथे घरातील ऊब मातीत जाऊ द्यायची नसते. आपल्याला मे महिन्यात नेमके उलटे हवे! चार बाय तीन मीटरची, अडीच मीटर उंच खोली घ्या. भिंतींचे क्षेत्रफळ ३५ चौरस मीटर. हवा भिंतीपेक्षा ५ अंशांनी गरम असेल तर उघड्या भिंती निदान सुरुवातीला हजार वॉटहून अधिक उष्णता शोषतात. पाच सेंटिमीटर थर्मोकोल लावल्यावर हीच संख्या सुमारे १२० वॉटवर येते, आणि शांत बसलेला एक माणूसच १०० वॉट उष्णता देतो! म्हणजे ज्या गारव्यासाठी तळघर हवे, तोच आपण पैसे देऊन अडवतो. शिवाय पाट्यांच्या फटींतून बाष्प मागे जाते, भिंत तेथे ओलीच राहते आणि प्लायवूडला बुरशी व वाळवी लागते, तीही नजरेआड. उष्णतारोधक जरूर लावावे, पण घराच्या छपरावर.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले ते असे. बाहेरचे पाणी आधी वळवा. जुना सिमेंटचा गिलावा काढून भिंत एक हिवाळा आणि एक उन्हाळा उघडी वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. तो पाणी धरतो तसे सोडतोही. यात घाई चालत नाही आणि ही अट कोणाला आवडत नाही. घाई म्हणून कोणी आत कोळशाची शेगडी पेटवून ठेवते. हे कधीही करू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. गॅसची शेगडीही नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते. ओल्या भिंतीवरील विजेची जुनी तारही आधी काढून घ्यावी.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. सप्टेंबरची रात्र, बाहेर २४ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता. २४ अंशांना २१.८ ग्रॅम बाष्प मावते. तळघर २७ अंशांवर आहे आणि आतली आर्द्रता ९५ टक्के आहे. खिडकी उघडावी की नाही? आणि उघडली, तर सकाळी केव्हा लावून घ्यावी?