संगणक चालू होत नाही? आधी बोर्ड तपासा, मग एस.टी. धरा



या पानावर आपण एरवी बेणेप्रक्रिया, खोडकीड, ठिबक यांची चर्चा करतो. या खेपेस विषय वेगळा घेतला आहे, आणि त्याला कारणही तसेच घडले.

गेल्या ऑगस्टमध्ये, ऐन आडसाली लागणीच्या नोंदी चालू असताना, गट ऑफिसातला संगणक सकाळी बटण दाबले तरी ढिम्म. दिवा नाही, पंखा नाही. मी म्हटले, जळाला! डबा पोत्यात गुंडाळला, एस.टी.त मांडीवर घेतला आणि पुण्याला बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठली. तिथल्या कारागिराने वायर जोडली, बटण दाबले, आणि संगणक सुरू! तो हसून म्हणाला, "साहेब, तुमच्या ऑफिसातला बोर्ड बघा." परत येऊन पाहिले, तर सॉकेट आतून काळा पडलेला. काम किरकोळ, पण दोन दिवस गेले. रानातली कामे टाकून आलेले सभासद हात हलवीत माघारी गेले. लागणीच्या तारखेवर तोडणीची पाळी ठरते, हे आपणास ठाऊकच आहे. कागदी नोंदवही ठेवलेली होती म्हणून कुणाची तारीख चुकली नाही. चूक माझी होती, म्हणून हा धडा लिहीत आहे.

ऊस आणि संगणक यांचे नाते नवे नाही. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. ऊसनोंद, तोडणीची चिठ्ठी, वजन यांची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू. पुढे त्यातल्या काही गावांत तेच काम मोबाईलच्या संदेशावर करून पाहण्यात आले. यंत्र आणणे सोपे, ते चालते ठेवणे अवघड. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी संगणक आहे, म्हणून चार गोष्टी माहीत असाव्यात.

विहिरीवरची मोटार चालली नाही तर आपण लगेच मोटार वर काढतो काय? आधी फेज पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. संगणकाचेही तसेच. बाहेरून आत जावे.

१) बोर्ड : त्याच सॉकेटमध्ये साधा पिवळा बल्ब लावून पाहावा. मोबाईलचा चार्जर लावून खात्री होत नाही, कारण तो कमी दाबावरही चालतो. बल्ब मिणमिणता लागला तर दाब कमी आहे असे समजावे. भलताच लखलखीत लागला तर न्यूट्रल तुटला असण्याचा संभव असतो. अशा वेळी काहीच जोडू नये, वायरमनला बोलवावे.

२) यूपीएस : त्याची बॅटरी साधारण तीन वर्षांत थकते. यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीच्या बोर्डावर लावून पाहावा. चालला, तर दोष यूपीएसचा.

३) वायर व मागचा खटका : बहुतेक पडद्यांची आणि डब्याची वायर एकसारखीच असते, ती अदलाबदल करून पाहावी. डब्याच्या मागे छोटा खटका असतो. त्यावर उभी रेघ म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. झाडलोट करताना तो हटकून दाबला जातो!

४) साठलेली वीज : वायर पूर्ण काढून पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. मग वायर लावून पुन्हा पाहावे. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

५) कान देऊन ऐका : पंखा फिरतो पण पडद्यावर काही नाही, म्हणजे वीज आत पोचते आहे. आधी पडद्याची वायर घट्ट करावी. मग वीज तोडून डबा उघडावा, हात आतल्या पत्र्याला टेकवावा, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसाव्यात आणि टक असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर धूळ व अडकलेला पंखा पाहावा.

एवढे करूनही डबा मुका राहिला तर दोष बहुधा एसएमपीएसचा. घरातील २३० व्होल्टचे १२, ५ व ३.३ व्होल्ट करणारी ही पेटी. तिच्या मोठ्या जोडातील हिरवी तार काळ्या तारेशी जोडली की तिचा पंखा फिरायला हवा. ही परीक्षा कारागिराला आपल्या समोर करायला सांगावी, दोन मिनिटांचे काम आहे. पेटी मेली असेल तर तेवढी बदलावी. 'मदरबोर्ड गेला' हे परीक्षेआधी ऐकून घेऊ नये.

सावधान : एसएमपीएस स्वतः कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात सुमारे ३२५ व्होल्ट साठून राहू शकतात. जळका वास आला तर दुसऱ्यांदा बटण दाबू नये. विजा कडाडू लागल्या की पिन काढून ठेवावी.

शेवटचे आणि महत्त्वाचे. संगणक चालू झाला नाही म्हणजे आतली माहिती गेली असे नव्हे. ती हार्डडिस्कमध्ये असते व बहुधा शाबूत असते. दुरुस्तीला देताना हे बजावून सांगावे, आणि डिस्क बदलली तर जुनी परत मागून घ्यावी. तरीही दर आठवड्याला एक नक्कल वेगळी ठेवावीच. आपण बियाण्याचा ऊस राखून ठेवतो, तसेच हे.

आमच्या गट ऑफिसात आता बोर्डाशेजारी एक जुना बल्ब टांगलेला आहे. आलात तर जरूर पाहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी