ठिसूळ हाडांचे मूल आणि आपले कुटुंब

किरकोळ धक्क्यानेही मुलाचे हाड मोडावे, असा एक आजार आहे. त्यास ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. साधारणतः १५ ते २० हजार जन्मांमागे एका बालकास तो असतो. आमच्या घरी असे मूल आहे. पालक या नात्याने आम्ही जे शिकलो, ते समाजबांधव व विद्यार्थ्यांपुढे मांडीत आहोत.

स्लॅबमध्ये सिमेंटबरोबर सळई असते, त्याप्रमाणे हाडात कॅल्शियमबरोबर कोलॅजन नावाचे प्रथिन असते. बहुतेक रुग्णांत या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो. म्हणून केवळ कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. पुष्कळदा आईवडील निरोगी असतानाही जनुकात नव्याने बदल घडतो. अशा वेळी, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून आईला बोल लावणे हे निव्वळ अज्ञान होय.

आजार समूळ जात नाही. परंतु उपाय आहेत. कॅनडातील डॉ. फ्रान्सिस ग्लोरिओ व सहकाऱ्यांनी १९९८ साली पामिड्रोनेट या औषधाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर या गटातील औषधांचा वापर वाढला. वारंवार मोडणाऱ्या लांब हाडांत शस्त्रक्रियेने धातूची सळई बसवितात.

घरातील प्रत्येकाने मूल उचलण्याची रीत शिकावी. तान्ह्या बाळास काखेत धरून उचलू नये. एक हात डोके व खांद्यांखाली, दुसरा ढुंगणाखाली घालावा. लंगोट बदलताना पाय घोट्याला धरून वर ओढू नयेत.

तथापि खरी परीक्षा पुढेच असते. मोडेल या भीतीने मुलास अंथरुणावरच ठेवले, तर हालचालीअभावी हाडे व स्नायू अधिकच दुबळे होतात आणि शिक्षणही बुडते. या आजाराने बुद्धी कमी होत नाही. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायाम चालू ठेवावा व मुलास शाळेत घालावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वर्ग तळमजल्यावर मिळावा, असा अर्ज पालकांनी मुख्याध्यापकांना द्यावा.

या धावपळीत दुसऱ्या भावंडाकडे दुर्लक्ष होते. त्यासाठीही रोज थोडा वेळ राखून ठेवावा. रात्रंदिवस जागणाऱ्या आईचा भार घरातील पुरुषांनी वाटून घ्यावा.

विद्यार्थी मित्रांनो, असा सोबती तुमच्या वर्गात आला तर त्याला धक्का लागणार नाही याची काळजी घ्या. पण त्याला खेळातून वगळू नका. धावता येत नसेल, तर गुण मोजण्याचे काम त्याच्याकडे द्या. दया नको, सोबत द्या.