पत्र्याचा नेस्ट बॉक्स घेताय? आधी मावळचा पाऊस डोक्यात ठेवा

मागच्या व्हिडिओत नेस्ट बॉक्सवर जेमतेम पाच मिनिटं बोलले आणि प्रश्न सगळे त्यावरच आले. "ताई, ऑनलाइन दिसतोय तो घेऊ का?" थोडं थांबा, आधी माझी फजिती ऐका.

तीन वर्षांपूर्वी दुकानामागच्या परसात २५ गावरान कोंबड्या होत्या. मे महिन्यात चकाचक सहा कप्प्यांची पत्र्याची पेटी मागवली. दोन महिने झकास. गणपती येईपर्यंत सांध्यासांध्यांतून गंज फुटला, तळाच्या कोपऱ्यांतून पाणी आत, तूस ओलं, आणि अंड्यांवर तांबूस डाग. लोणावळ्याच्या एका बंगल्यात दर शुक्रवारी एक ट्रे जायचा. तिथला केअरटेकर एका शुक्रवारी ट्रे तसाच परत घेऊन आला. "पाहुण्यांसमोर ठेवता येत नाहीत," म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन आलाच नाही. पेटीचे पैसे गेले त्याचं एवढं वाटलं नाही, गिऱ्हाईक गेलं ते लागलं.

म्हणून विकत घेण्याआधी हिशोब करा. समजा ३० कोंबड्या आहेत आणि दिवसाला सरासरी १२ अंडी मिळतात. त्यातली दोन फुटली, मळली किंवा कुंपणाखाली घातल्यामुळे सापडलीच नाहीत. अंड्याला १२ रुपये धरले तर दिवसाला २४, महिन्याला ७२०. चांगल्या पेटीला फॅब्रिकेटरने साडेचार हजार सांगितले, तर सहा-सात महिन्यांत वसूल. कोंबड्या पिसं गाळतात तेव्हा अंडी कमी होतात, म्हणून आठ महिने धरा. पण पेटी पहिल्याच पावसात गेली तर हे गणित बसत नाही. एनईसीसीचा रोजचा दर असतो तो फार्मच्या अंड्याचा. आपलं गावरान अंडं गिऱ्हाईक हातात घेऊन, फिरवून बघतो आणि मग पैसे देतो.

आता पत्रा. लोणावळा-खंडाळ्यातला पाऊस आणि वडगावचा पाऊस यात खूप फरक. घाटमाथ्यावरून वडगावकडे येईपर्यंत पाऊस निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे कामशेतच्या पुढे जे चालतं ते तुंगार्लीत चालेलच असं नाही. जी.आय. म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा घ्या. गेजचा आकडा जितका मोठा, पत्रा तितका पातळ, इथे बरेच जण उलटं समजतात. स्वस्त पेट्या २८ किंवा ३० गेजच्या असतात, हाताने दाबल्या की वाकतात. २४ गेज, म्हणजे साधारण ०.६ मिमी, घरगुती पेटीला पुरतो.

पण खरी गोम सांध्यात आहे. जी.आय.ला वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. माझ्या पेटीचं हेच झालं होतं. फॅब्रिकेटरला स्पष्ट सांगा: कडा दुमडून रिव्हेट मारा. वेल्डिंग करावंच लागलं तर वरून झिंकचा रंग द्या. कोंबडीची विष्ठा पत्र्याला पावसाइतकीच वाईट, म्हणून तळ सुटा, काढून धुता येईल असा ठेवा. कापलेली कड उघडी नको. कोंबडीचे पाय कापतात, आणि पहाटे चाचपडत अंडी काढताना आपली बोटंही.

मग लाकडाची का नको? लाकूड गार राहतं, हे खरं. पण फटींत लाल गोचिडांसारखे बारीक कीटक दिवसभर दडतात आणि रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. पत्रा घासून धुतला, उन्हात ठेवला की काम झालं.

माप: एक कप्पा लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२ इंच. कोंबड्या थोराड जातीच्या असतील, गिरीराज वगैरे, तर १४. चार-पाच कोंबड्यांना एक कप्पा. पुढे चार इंचाची पट्टी, नाहीतर तूस आणि अंडी दोन्ही बाहेर. छप्पर तिरकं, कारण सपाट छपरावर त्या रात्री बसतात आणि सगळं घाण करतात. मागच्या भिंतीला वरच्या बाजूला हवेसाठी भोकं हवीतच. एप्रिल-मेमध्ये पत्रा तापतो, आणि पावसाळ्यात आतून घाम सुटतो.

पेटी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, सावलीत आणि अंधाऱ्या बाजूला लावा. कोंबडीला अंडं घालायला आडोसा लागतो, दारात नाचणारा उजेड नको. रात्री बसायच्या दांड्या पेटीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर त्या पेटीतच झोपतील. आत दोन-तीन इंच भाताचं तूस. आपल्याकडे इंद्रायणी पिकतो, राइस मिलवर तूस सहज मिळतं, फक्त कोरडं बघून आणा.

तलंगा पाच महिन्यांच्या आसपास अंड्यावर येतात. पेटी त्याआधी दोन-तीन आठवडे लावून ठेवा. एकदा का त्यांनी लाकडांच्या ढिगामागची जागा पकडली की तुम्ही कितीही छान पेटी आणा, त्या ढुंकून बघणार नाहीत. कप्प्यात एक लाकडाचं खोटं अंडं ठेवा. माझी सासू चुनखडीचा गोल दगड ठेवायची, तोही चालतो.

कप्प्यात न बघता हात घालू नका. अंडी आणि उंदीर, दोन्हीच्या वासाने साप येतात. आपल्या भागात धामण येते, नागही येतो. टॉर्च मारा, मग हात घाला. रात्री पुढची फळी लावून बंद करा म्हणजे मुंगसाचाही प्रश्न मिटतो.

अंडं आपोआप घरंगळत मागच्या ट्रेमध्ये जातं, त्या पेटीबद्दल खूप जण विचारतात. तत्त्व पोल्ट्रीतल्या पिंजऱ्याचंच आहे. फुटाला एक-दीड इंच उतार आणि खाली मऊ मॅट. उतार जास्त झाला तर अंडी एकमेकांवर आपटून तडकतात. अंडी खायची सवय लागलेल्या कोंबड्या असतील तर ही घ्या, नाहीतर पहिल्या वर्षी साधीच बरी. गावरान कोंबड्या बिचकतात, तूस नसलेल्या कप्प्यात बसायला वेळ घेतात.

दिवसातून दोनदा अंडी काढा. मळलेलं अंडं पाण्याने धुऊन ट्रेमध्ये ठेवू नका, वरचा नैसर्गिक थर जातो आणि ते लवकर खराब होतं. ते घरी वापरा.

पेटी हातात आली की पैसे देण्याआधी छपरावर बादलीभर पाणी ओता आणि आत हात फिरवा. ओलं लागलं तर परत द्या. ऑर्डर मात्र एप्रिलमध्येच द्या, मेमध्ये आपल्याकडचे सगळे पत्रेवाले शेडच्या कामात अडकलेले असतात. खुडूक कोंबडी कप्पा अडवून बसली तर काय करायचं, ते पुढच्या व्हिडिओत दाखवते, आमच्याकडे सध्या एक बसलेलीच आहे.