कुपीतलं ‘मानवी’ प्रथिन येतं कुठून?

प्रश्न : माझी मुलगी प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते. तिथल्या एका कुपीवर ‘रीकॉम्बिनंट ह्यूमन ईजीएफ’ असं लिहिलेलं असतं. हे प्रथिन माणसाच्या शरीरातून काढतात का? आणि त्यावर ‘फक्त संशोधनासाठी’ असा शिक्का कशाला?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही, त्यासाठी कुणाच्या अंगाला सुईसुद्धा लागत नाही. माणसाचा असतो तो फक्त जनुकाचा मजकूर. तो बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूत घालतात. टाकीत वाढताना जिवाणू स्वतःच्या प्रथिनांसोबत हेही बनवतात. मग ते वेगळं काढून शुद्ध करायचं. ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे त्वचेच्या पेशींची वाढ घडवणारा घटक) चिमुकलं, अवघ्या 53 अमिनो आम्लांचं. पण त्याची साखळी गंधकाच्या तीन बंधांनी आवळलेली असते, आणि ते नेमक्या जागी जुळले नाहीत तर सगळी मेहनत पाण्यात.

याचा शोध लागला तो मात्र भलतंच काही शोधताना. शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन चेतातंतू वाढवणाऱ्या घटकाच्या मागे होते. त्यासाठी उंदराच्या लाळग्रंथींचा अर्क त्यांनी नवजात पिलांना टोचला, तर एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे डोळे सातव्या दिवशीच उघडले! दुसऱ्या कुणी ही नोंद वहीच्या कोपऱ्यात टाकून दिली असती. कोहेन तिच्या मागे लागले, त्यातून ईजीएफ हाती आलं आणि 1986 मध्ये रीटा लेव्ही-माँटालचिनी यांच्यासोबत नोबेलचे मानकरी ठरले.

मुलीला ती कुपी उजेडात धरायला सांगा. आत काहीच दिसणार नाही. समजा, कुपी 100 मायक्रोग्रॅमची आहे; म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भाग; त्याचा पुसटसा थर कुठेतरी चिकटलेला असतो, कधी झाकणालाच. म्हणून उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घेतात. नवख्याला वाटतं, दुकानदारानं रिकामी कुपी गळ्यात मारली. पण मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅम या हिशेबानं एवढ्याशा प्रथिनात पाच लिटर माध्यम तयार होतं.

आता शिक्क्याचं. या कुपीची शुद्धता पेशींच्या प्रयोगापुरती तपासलेली असते. जिवाणूंच्या आवरणातले विषारी अंश, निर्जंतुकता, माणसांवरच्या चाचण्या ही औषधाची कसोटी तिनं दिलेली नसते. तीच देऊन, परवाना घेऊन हेच प्रथिन औषध म्हणूनही विकलं जातं. मधुमेही रुग्णांच्या पायांच्या जखमांसाठी भारत बायोटेकचं ‘रेजेन-डी’ जेल आहे, क्यूबात ‘हेबरप्रोट-पी’ इंजेक्शन आहे. पण तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. प्रयोगशाळेतली कुपी साध्या खरचटण्यावरही लावू नये.